लाखेचं कडं

पापाकुरा, ऑकलंड
रविवार, १९ मार्च २०१७

ती. आप्पा,

नमस्कार. आईलाही सांगा. मागच्या आठवड्यात फोनवर मी तीनदा "जेवलात का" विचारलं आणि तुम्ही तीनदा "उकाडा फार आहे" म्हणालात. मग आईने फोन घेतला आणि आम्ही दोघी हसलो. तुम्हाला वाटलं असेल की तुम्हालाच हसतोय. तुम्हालाच हसत होतो. पण नंतर वाटलं, असं अर्धवट बोलण्यापेक्षा पत्र बरं. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या चाचणीच्या शेडने तुमचे कान नेले, डोळे मात्र ठेवले, म्हणून भिंग न लागता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

मी बरी आहे. ओटाहुहूच्या कारखान्यात दुधाच्या बाटल्यांची झाकणं होतात हे मागे लिहिलंच होतं. तासाला हजारो झाकणं पडतात, त्यांतली वीस मी उचलते, मोजते, वाकवून बघते. चौकातल्या तुमच्या चहाच्या टेबलावरच्या मोरेश्वरकाकांना सांगितलंत तर ते म्हणतील, घरातली पहिली पदवीधर पोरगी, एवढं इंजिनिअरिंग करून परदेशात झाकणं दाबते. सांगू नका. किंवा सांगा, पण "क्वालिटी इंजिनिअर" असं सांगा. कार्डावर तसंच छापलंय.

घरचं ठीक. म्हणजे ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहते ते गुरुदत्तदादा आणि सुचित्रावहिनी. त्यांची अनुष्का आता पाच वर्षांची झाली. मी म्हणते, "अनू, पाणी पी," तर ती म्हणते, "आय ॲम गुड." सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. वहिनी परवा म्हणाल्या, हिला मराठीत रागावलं तरी ती सॉरी इंग्रजीत म्हणते, म्हणजे राग वायाच जातो.

गुरुदत्तदादाच्या उजव्या डोळ्याला जरा लागलंय. सध्या कामावर जात नाही. बरा होईल.

हवा बदलते आहे. सकाळी स्टेशनवर जाताना स्वेटर लागतो आणि दुपारी तो हातात धरावा लागतो. इथे मार्चमध्ये थंडीची चाहूल लागते हे चार वर्षं झाली तरी अंगवळणी पडत नाही.

एक विचारायचं होतं, सहजच. इथे हरणांची शिकार पुष्कळ लोक करतात, रीतसर परवाना काढून, अगदी शाळेतले मास्तरसुद्धा. त्यामुळे काडतुसं दुकानात मिळतात तशी कुणाची उरलेली, जुनीही विकत मिळतात. आणि बरेच जण उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या घरी आणतात, त्यांना बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवतात आणि दारू मोजून पुन्हा भरतात. त्याला इथे रिलोड म्हणतात. ज्याने भरलं त्याने स्वतःच्या रायफलला सोसेल एवढं भरलेलं असतं. दुसऱ्याच्या रायफलला ते सोसेलच असं नाही. तर असा वापरलेला माल घेताना, हा फॅक्टरीचा आणि हा घरी भरलेला, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखायचं? तुम्ही एकतीस वर्षं तेच बघितलंत म्हणून विचारते.

मला आठवतं ते असं. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्याभोवती लाखेचं बारीक रंगीत कडं असलं की माल कारखान्यातून पास होऊन आलेला. मी चौथीत असताना तुम्ही आईच्या डब्यातल्या एका बटणावर लाल पेनाने गोल काढून मला दाखवलं होतं. बरोबर ना?

पाऊल वाजल्यासारखं वाटलं, म्हणून उठून दार बघून आले. कुणी नव्हतं.

उत्तर पाठवा. घाई नाही, पण लवकर पाठवा. आईचे गुडघे कसे आहेत तेही लिहा.

तुमची,
अबोली


पापाकुरा
शुक्रवार, २१ एप्रिल २०१७

ती. आप्पा,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. मी ते ट्रेनमध्ये वाचलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घरी येऊन पुन्हा वाचलं. तुमची आठ वाक्यं आता मला पाठ आहेत.

"चि. अबोलीस आशीर्वाद. फॅक्टरीच्या एका खोक्यात एकाच शिक्क्याचा माल असतो, बुडावरची अक्षरं सगळ्यांची सारखी पाहिजेत. दोन तऱ्हेची निघाली तर पुढचं बघायचंच नाही. पुंगळीच्या अंगावर उभे ओरखडे, बुडाच्या कडेला चावा घेतल्यासारखी खूण, म्हणजे ती एकदा उडालेली आहे. कडं सगळ्या मालावर नसतं, लष्करी मालावर असतं, आणि ते फटीत उतरलेलं असतं, वर फासलेलं नसतं. नखाने खरवडून बघ. खोक्यावर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही, खोकं कुणीही पुन्हा वापरतं. कुणाच्या डोळ्याला काय लागलं ते नीट लिही."

नीट लिहिते.

२५ फेब्रुवारीला, शनिवारी, आम्ही मर्व्ह नावाच्या एका म्हाताऱ्याकडे गेलो होतो. पापाकुराच्या बाहेर पंधरा मिनिटांवर त्याचं घर आहे. वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, डोंगर चढणं आता जमत नाही म्हणून शिकारीचं सामान विकायला काढलं होतं. गुरुदत्तदादाने नुकताच परवाना मिळवला होता आणि दुसऱ्या कुणाकडून एक वापरलेली रायफल घेतली होती. त्याच मापाची काडतुसं मर्व्हकडे होती. दादा म्हणाला, "चल गं, तू बघून दे. तुझ्या घरचा विषय."

आप्पा, मला किती बरं वाटलं ते सांगू का? इथे मीटिंगमध्ये मी काही बोलले की लोक आधी थांबतात, मग मान तिरकी करून "सॉरी?" म्हणतात. वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत त्यातला जीव गेलेला असतो. आणि इथे कुणीतरी मला आपणहून विचारत होतं.

मर्व्हने गॅरेजमध्ये तीन खोकी पुढे ठेवली. दुकानातली छापील खोकी, कोपरे मऊ झालेले. मी मोबाइलचा दिवा लावून एक-दोन काडतुसं उलटी करून बघितली. टोपीभोवती लाल कडं, बारीक, नीट. मला थेट ते बटणच दिसलं. मी म्हटलं, "फॅक्टरीची आहेत. माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते, मला माहीत आहे." हे मी दोनदा सांगितलं, एकदा मराठीत दादाला आणि एकदा इंग्रजीत मर्व्हला. येताना गाडीत दादा म्हणत होता, अबोलीने बघितलंय म्हणजे आयएसआय मार्क.

१२ मार्चला तो त्याच्या कामावरच्या सुपरवायझरबरोबर रायफलचा नेम जुळवायला नेमबाजीच्या रेंजवर गेला. दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसरीला पुंगळी आतल्या आत फुटली आणि गरम वायू मागे आला. त्याबरोबर पितळेची एक चीप. डोळ्यावर घालायचा जाड संरक्षक चष्मा गाडीतच राहिला होता. तीन तास ऑपरेशन चाललं. आता उजव्या डोळ्याने त्याला प्रकाश दिसतो, माणसं आकारासारखी दिसतात. सुधारेल असं डॉक्टर म्हणतात, किती ते सांगत नाहीत. तो लेथवर काम करतो, सुताएवढा फरक डोळ्यांनी ओळखायचा. पगाराचा मोठा भाग सरकारी अपघात विम्यातून मिळतो आहे, तेवढी सोय इथे चांगली आहे. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "नेम धरायला एकच डोळा लागतो म्हणतात. नेमका तोच गेला बघ." आणि स्वतःच हसला. वहिनी उठून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेली काडतुसं पोलिसांकडे द्यायची होती. मी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडून बघत बसले होते. वहिनी आल्या, एक उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "ही नेलपॉलिश आहे."

मी म्हटलं, लाख आहे ती.

त्यांनी न्हाणीघरातून नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस आणला, बुडावरून एकदा फिरवला. कापूस लाल झाला आणि टोपी स्वच्छ पांढरी दिसायला लागली. तुमची इंजिनिअर मुलगी बघतच राहिली.

मर्व्ह काडतुसं घरी भरायचा. लाल कडं म्हणजे भरणा तेज, फक्त त्याच्या स्वतःच्या जुन्या रायफलसाठी. ती रायफल आता त्याने पुतण्याला दिली. रंगाची बाटली बायकोची होती. हे सगळं त्याने पोलिसांना आपणहून सांगितलं.

आता त्याच्यावर आलंय. घरी भरलेला माल फॅक्टरीचा म्हणून विकला का, एवढाच प्रश्न आहे. त्याच्या बंदुका पोलिसांनी तात्पुरत्या नेल्या आहेत आणि परवाना ठेवायचा की नाही ते ठरायचं आहे. तो म्हणतो की मी त्या मुलीला सांगितलं होतं. वहिनी म्हणतात म्हातारा लबाड आहे, त्याला सोडायचं नाही. मर्व्हने घरी फोन करून दादाची चौकशी करणारा निरोप ठेवला होता, तो वहिनींनी पुसून टाकला.

पोलीस स्टेशनमधल्या बाईंनी मला विचारलं, त्यांनी रिलोड असल्याचं सांगितलं का? मी नाही म्हटलं. रिलोड हा शब्द त्याने उच्चारला नाही, हे अगदी खरं आहे. वहिनींनी स्वयंपाकघरात पुन्हा विचारलं, "तसं काही बोलला नव्हता ना तो?" त्यांनाही मी नाहीच म्हटलं. तो शब्द त्याने खरंच उच्चारला नाही, आप्पा.

माझं चुकलं ते इतकंच, की लष्करी माल आणि शिकारीचा माल यातला फरक मला माहीत नव्हता आणि मी तुमचं अर्धंच ऐकलं होतं. कुणाचंही चुकलं असतं. मी रोज झाकणं तपासते, तिथेही चुकून एखादं जातं.

हे पत्र दोन दिवस पडून आहे. काल पाकिटात घालून पोस्टापर्यंत नेलं आणि परत आणलं. आज टाकते. आईला सगळं वाचून दाखवू नका, डोळ्याचं तेवढं सांगा.

तुमची,
अबोली


हेन्डरसन, ऑकलंड
रविवार, ७ मे २०१७

ती. आप्पा,

वरचा पत्ता बदललेला बघाल. मी आता हेन्डरसनला राहते, शहराच्या पश्चिमेला. कामावर जायला दीड तास लागतो. तुमचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि ते यायच्या आधीच हे लिहायचं ठरवलं आहे. नाहीतर तुम्ही काय म्हणालात ते बघून मी त्याप्रमाणे लिहीन.

मागच्या पत्रात एक-दोन काडतुसं बघितली असं लिहिलं ते खोटं आहे. चार बघितली. पहिल्या तिन्हींच्या बुडावर एकच अक्षरं होती, चौथ्यावर वेगळी. मला ती दिसली. दोन तऱ्हेची निघाली तर पुढचं बघायचंच नाही, हे तुमच्या पत्राने मला नव्याने सांगितलेलं नाही. ते मला त्या गॅरेजमध्ये उभी असतानाही माहीत होतं. तुम्ही मला लहानपणी तेही सांगितलं होतं. पण "फॅक्टरीची आहेत" हे मी तिसऱ्यालाच बोलून बसले होते. दादा खोकी उचलायला वाकला होता. मी चौथं काडतूस जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं. दोन सेकंद लागली असतील.

दुसरं. मर्व्ह मला म्हणाला होता, "दे आर मी ओन, लव्ह." इथले म्हातारे "माय"ला "मी" म्हणतात. म्हणजे, माझीच आहेत, पोरी. दादाने विचारलं काय म्हणतोय, त्याला म्हाताऱ्यांचं इंग्रजी अजून नीट कळत नाही. मी सांगितलं, त्याच्या स्वतःच्या मालकीची आहेत म्हणे, इकडून तिकडून आणलेली नाहीत. दादा इथल्यासारखं "स्वीट ॲज," म्हणजे छानच, म्हणाला आणि मर्व्ह हसला. त्याला वाटलं आपलं बोलणं पोचलं.

कुणाला वाटेल की हा भाषेचा घोटाळा. आठवडाभर मीही स्वतःला तेच सांगत होते. पण त्याआधी दहा मिनिटं मर्व्हने आम्हाला प्लमच्या जॅमची एक बरणी दिली होती आणि तेव्हाही "मी ओन" असंच म्हणाला होता. तेव्हा मी दादाला काय सांगितलं असेल? "घरी केलेला आहे." बरोबर सांगितलं. जॅमच्या वेळी मला कळलं आणि काडतुसांच्या वेळी कळलं नाही, असं होत नाही.

आणि पोलिसांचं. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तुम्हाला कळवला. दुसरा कळवला नाही. त्यांनी पुढे विचारलं होतं, माल कुठून आला याबद्दल ते काहीही बोलले का? मी म्हटलं, आठवत नाही. शाळेत निबंध लिहायचे, आठवतं का तुम्हाला, सत्याशिवाय समाज उभा राहत नाही वगैरे. बक्षीस मिळालं होतं. त्या मुलीने दोन शब्दांत एका म्हाताऱ्याला लबाड ठरवलं, आणि तेही नीट, शांत आवाजात.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने झोप उडाली असं लिहिलं तर ते छान दिसेल. पण खरं म्हणजे मी पुढचे दहा दिवस व्यवस्थित जेवत होते, कामावर जात होते, अनुष्काला संध्याकाळी बागेत नेत होते. दादाच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, दुपारचे मी घालायचे सुट्टीच्या दिवशी. २९ तारखेला, शनिवारी, मी थेंब घालत होते आणि तो मान मागे टाकून पडला होता. म्हणाला, "अबोली, मी तुला तिथे नेलंच नसतं तर बरं झालं असतं. तुझ्या डोक्यावर उगाच ओझं. मीच दोन अक्षरं वाचायला हवी होती." तो माझी समजूत घालत होता. उजव्या डोळ्याची बाहुली माझ्याकडे होती आणि त्याला मी दिसत नव्हते.

तेव्हा सांगितलं. थेंबांची बाटली हातात तशीच होती. चौथ्या काडतुसाचं सांगितलं, जॅमचं सांगितलं, पोलिसांच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगितलं. तो उठून बसला. मग म्हणाला, "म्हणजे म्हातारा खरं बोलत होता."

मी हो म्हटलं.

"मग आधी तिकडे जाऊन सांग. माझं नंतर बघू."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं असावं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला म्हणाल्या, "चूक झाली असती तर मी तुला या घरातून कधी जा म्हटलं नसतं. पण तू माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या तोंडावर नाही म्हणालीस. मी त्यावर विश्वास ठेवून त्या माणसाला रोज शिव्या दिल्या." मग त्यांनी कपाटावरून माझी बॅग खाली काढून दिली. ती उंचावर असते, माझा हात पोचत नाही, म्हणून.

अनुष्काने विचारलं मी कुठे चालले. मी म्हटलं, दुसऱ्या घरी. ती म्हणाली, "का?" आप्पा, पहिल्यांदा तिने मला मराठीत उत्तर दिलं, आणि तो प्रश्न निघाला.

सोमवारी रजा काढून पोलीस स्टेशनला गेले. बाई त्याच होत्या. मी सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी मला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, आधीचा जबाब चुकीचा दिल्याबद्दल माझ्यावर काही करायचं का ते वरचे ठरवतील आणि मला कळवतील. दुसरं, मर्व्हची फाइल या जबाबाने बदलेल. कायमच्या वास्तव्याचा माझा अर्ज फेब्रुवारीत गेलेला आहे, त्यावर याचा परिणाम होईल का ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. तुम्हाला आणि आईला डिसेंबरमध्ये इकडे बोलवायचं म्हटलं होतं, त्याचं आता काही सांगू शकत नाही.

मग मर्व्हकडे गेले. त्याने दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं नाही. व्हरांड्यातच उभं राहून मी सांगितलं. त्याने आधी दादाचा डोळा कसा आहे ते विचारलं. त्याला दोन महिने कुणी सांगितलंच नव्हतं. मग म्हणाला, मी नीट शब्द वापरून सांगायला हवं होतं, हा माझा दोष, तो मी पोलिसांना सांगितलाच आहे. पण तू ऐकलं होतंस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तू मान हलवली होतीस. परवान्याचं विचारलं तर म्हणाला की तो त्याने मागच्याच आठवड्यात स्वतः परत करून टाकला. पन्नास वर्षांत कुणी त्याच्या शब्दावर शंका घेतली नव्हती, आणि आता शिकाऱ्यांच्या क्लबमध्ये लोक त्याच्या टेबलावर बसेनात. मी म्हटलं मी क्लबमध्ये येऊन सांगते. तो म्हणाला, "ये की. बुधवारी असतात सगळे." मला वाटलं होतं तो नको म्हणेल.

तर या बुधवारी मी गेले. अकरा जण होते. माझं इंग्रजी त्यांना पहिल्या वेळेलाच कळलं, कुणी "सॉरी?" म्हणालं नाही. एकाने विचारलं, बघितलंस तर बोलली का नाहीस? मी म्हटलं, मला हुशार समजत होते आणि ते मला आवडलं होतं. मर्व्ह चहा घेत बसला होता. निघताना त्याने मला हात केला नाही, मान हलवली फक्त.

दादाने काल मेसेज केला, डाव्या डोळ्याने टाइप केलाय म्हणून चुका सांभाळून घे, असा. खाली फक्त एवढंच की येत्या गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. ये किंवा येऊ नको असं काही नाही. मी जाऊन बाहेरच्या बाकावर बसणार आहे. वहिनींनी बघितलं आणि जा म्हटलं तर उठेन.

आता तुमचं. तुम्ही चौकात मोरेश्वरकाकांना आणि बाकीच्यांना सांगत असता की पोरीचा डोळा माझ्यावर गेलाय. आईने फोनवर सांगितलं मला. ते खरं आहे. डोळा तुमच्यावरच गेलाय, दिसलं मला सगळं. म्हणूनच तुम्ही त्यांना सांगावं अशी माझी विनंती आहे, की तिला दिसलं होतं आणि ती बोलली नाही. तुम्हाला जड जाईल. तुम्ही नाही सांगितलंत तर मी आल्यावर सांगेन, पण कधी येईन ते आता माहीत नाही. या वेळी आईलाही सगळं वाचून दाखवा.

एक राहिलं. इथल्या फॉर्मवर मधलं नाव लिहिलंच पाहिजे असं नसतं. मार्चमधल्या जबाबावर मी ते गाळलं होतं, नुसतं अबोली वाघोले एवढंच. का गाळलं ते लिहिताना मला पक्कं माहीत होतं. या वेळी बाईंनी कागद पुढे केला तेव्हा पूर्ण लिहिलं. त्यांनी विचारलं, हे मधलं नाव कुणाचं? मी म्हटलं, वडिलांचं, ते तपासनीस होते. त्यांनी फक्त स्पेलिंग तपासून घेतलं. त्या गॅरेजमध्ये मी तुमचं नाव न विचारता वापरलं होतं, आणि त्या कागदावरही न विचारताच लिहिलं. दुसऱ्यांदा ते लिहायचा मला हक्क होता की नाही, हे तुम्हीच सांगू शकता. तुम्ही सांगेपर्यंत मी तशीच सही करत राहीन.

अबोली काशिनाथ वाघोले